संगणकाची झोप आणि बिनतारी दुवा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शिक्षकांशी संगणकाविषयी बोलणे निघाले, की एक तक्रार हमखास ऐकू येते. पहिल्या तासाला लॅपटॉप सुरू केला, बिनतारी इंटरनेट व्यवस्थित लागले. मधल्या सुट्टीत झाकण मिटून ठेवले. सुट्टीनंतर झाकण उघडले, तर पडद्यावर सगळे जसेच्या तसे हजर असते. उघडलेला धडा असतो, अर्धवट लिहिलेले वाक्य असते, नसते ते फक्त इंटरनेट. कधी आसपासच्या जाळ्यांची यादीच रिकामी दिसते, कधी 'जोडले आहे, पण इंटरनेट नाही' असा कोड्यात टाकणारा संदेश येतो. समोर वर्ग बसलेला असतो. खटपटीत दहा मिनिटे जातात आणि दाखवायचे ते राहून जाते. असे चार वेळा झाले की लॅपटॉप कपाटात जातो, आणि 'आमच्याकडे नेट चालत नाही' हे शाळेचे कायमचे मत होऊन बसते.

दोष कोणाचा? बरेच शिक्षक तो स्वतःकडे घेतात. आपल्याला संगणकातले फारसे कळत नाही, असे म्हणतात. काही जण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला बोल लावतात. आमच्या मते याचे उत्तर शोधायला थोडे इतिहासात जावे लागते. संगणकाला झोपवण्याचे तंत्र आणि त्याला बिनतारी जाळ्याशी जोडण्याचे तंत्र ही दोन्ही निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या गरजांपोटी, जवळजवळ एकाच दशकात तयार केली. झाकण उघडते त्या क्षणी या दोन तंत्रांची गाठ पडते. ती गाठ कोठे सैल राहिली हे समजले, की उपाय पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

झोप कोठून आली?

मांडीवर घेऊन वापरता येणारे संगणक १९८० च्या दशकात बाजारात आले, तेव्हा त्यांची मोठी अडचण बॅटरीची होती. दोन-तीन तासांत ती संपायची. काम थांबले असतानाही पडदा, हार्ड डिस्क आणि प्रक्रियक वीज पीतच असत. इंटेलने ऑक्टोबर १९९० मध्ये ३८६ एसएल हा प्रक्रियक आणला तो ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून. चालू असलेल्या आज्ञावलीला पत्ता लागू न देता, पडद्यामागे राहून विजेचा कारभार पाहण्याची एक वेगळी अवस्था त्यात होती. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाचे प्रमाणक प्रसिद्ध केले. संगणकाच्या मुख्य पट्टीवर कारखान्यातच कोरून ठेवलेली जी मूळ आज्ञावली असते, म्हणजे बायॉस, तिच्याकडे झोपवण्या-उठवण्याचे काम मुख्यतः या प्रमाणकाने सोपवले.

यात एक मेख होती. कारखान्यातून निघताना संगणकात जे जे भाग होते त्यांची ओळख बायॉसला होती. पण पुढे मालकाने बाजूच्या खाचेत एखादे कार्ड बसवले, तर त्याला झोपेतून कसे उठवायचे हे बायॉसला माहीत असण्याचे कारण नव्हते. आणि सुरुवातीची बिनतारी कार्डे नेमकी अशीच, खाचेत खोचायची असत.

ही उणीव ओळखून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे नवे प्रमाणक आणले. त्याने कारभार बायॉसकडून काढून विंडोजसारख्या कार्यप्रणालीकडे दिला. संगणकाच्या संपूर्ण जागेपणापासून संपूर्ण बंद होण्यापर्यंत सहा पायऱ्या ठरवल्या, त्यांना एस-० ते एस-५ अशी नावे दिली. प्रत्येक भागासाठी डी-० ते डी-३ अशा वेगळ्या पायऱ्या ठरल्या. त्या त्या भागाला झोपवण्याची आणि उठवण्याची जबाबदारी त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्यप्रणाली आणि तो भाग यांच्यातल्या दुभाष्या आज्ञावलीवर आली. थोडक्यात, एका मुकादमाऐवजी आता पंधरा-वीस दुभाषे आले, आणि त्यांतला एक जरी उठताना अडखळला तर ते ते काम अडते.

आपल्या कामाच्या पायऱ्या दोन. एस-३ म्हणजे साधी झोप. हिच्यात फक्त तात्पुरत्या स्मृतीला म्हणजे रॅमला थोडी वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सर्व बंद. एस-४ म्हणजे हायबरनेट, शीतनिद्रा. रॅममधला सगळा मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचा आणि वीज पूर्ण तोडायची. पुन्हा सुरू करताना तो मजकूर उचलून रॅममध्ये परत भरायचा. शीतनिद्रा म्हटले की आपल्याला जीवशास्त्रातला बेडूक आठवतो. पण ही उपमा फसवी आहे. बेडकाचे हृदय शीतनिद्रेत मंद का होईना, चालू असते. हायबरनेट झालेल्या संगणकात काहीच चालू नसते. त्याला जागे करणे म्हणजे मेलेल्या बेडकात जुन्या आठवणी भरून त्याला तू झोपलाच नव्हतास असे पटवून देण्यासारखे आहे. आपल्या गोष्टीतला खरा घोटाळा या पटवण्यातच आहे.

दुकानातले गल्ले आणि बिनतारी जाळे

आता दुसरे तंत्र. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही रेडिओ लहरींचे पट्टे कमी शक्तीच्या साधनांसाठी परवान्याविना खुले केले. त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. तोपर्यंत या पट्ट्याचा मुख्य उपयोग मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या उपकरणांना होई. या सवलतीत ज्यांना पहिल्यांदा धंदा दिसला त्यांत एनसीआर ही कंपनी होती. नावातच तिचा व्यवसाय आहे : नॅशनल कॅश रजिस्टर. मोठ्या दुकानातील मांडणी बदलली की हिशेबाचे गल्ले हलवावे लागत आणि दर वेळी नव्याने तारा ओढाव्या लागत. त्या वाचवण्यासाठी कंपनीच्या हॉलंडमधील अभियंत्यांनी १९९० च्या सुमारास वेव्हलॅन ही बिनतारी जोडणी तयार केली. त्याच कंपनीतील व्हिक हेज हे पुढे ८०२.११ या प्रमाणकाच्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि जून १९९७ मध्ये ते प्रमाणक मंजूर झाले. वेग होता सेकंदाला जास्तीत जास्त २० लाख बिट. १९९९ मध्ये तो १ कोटी १० लाखांवर गेला, 'वाय-फाय' हे नाव आले, आणि मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो या नावाखाली बिनतारी कार्ड लॅपटॉपच्या पोटातच घातले.

भारतात मात्र २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्याविना वापरायला मोकळीक मिळाली ती जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने.

दुकानातला गल्ला भिंतीतल्या विजेवर चालतो. त्याला दुपारी झोप काढायची नसते. तरीही ८०२.११ च्या कर्त्यांनी झोपेचा विचार अजिबात केला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी डुलकीचा विचार केला होता. जाळ्यातले मुख्य यंत्र, म्हणजे आपण ज्याला सर्रास राऊटर म्हणतो ते, सेकंदाला साधारण दहा वेळा एक घोषणा करते : मी येथे आहे, माझे नाव हे, आणि अमुक अमुक जणांचे टपाल माझ्याकडे पडून आहे. बॅटरी वाचवू पाहणारे कार्ड राऊटरला आगाऊ सांगते की मी डुलकी घेतो. मग ते फक्त घोषणेपुरते जागे होते आणि आपले नाव ऐकू आले तरच टपाल मागवते. व्यवस्था फार सुंदर आहे, पण ती सेकंदाच्या काही अंशांच्या डुलकीसाठी आहे. झाकण मिटून तासभर झोपणे हे तिच्या हिशेबात नाही. झाकण मिटते तेव्हा कार्डाची वीजच जाते, आणि राऊटर ज्याच्यासाठी टपाल धरून बसला आहे तो घर सोडून गेलेला असतो.

कोणाला काय आठवते?

तारेने जोडलेल्या दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो, कारण तार तेथेच असते. बिनतारी दुव्यात असे कायम राहणारे काहीच नसते. असतो तो दोन यंत्रांमधला करार, आणि तो दोघांच्या स्मृतीत वेगवेगळा लिहिलेला असतो. हा करार एकच नसून एकावर एक रचलेल्या चार करारांची ती चळत आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अगदी तळाशी लॅपटॉप आणि त्याचे स्वतःचे बिनतारी कार्ड यांचा करार असतो. हे कार्ड म्हणजे स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्याची आज्ञावली बहुतेक वेळा त्याच्यात कायमची नसते. लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर ती कार्डात भरतो. झोपेत कार्डाची वीज गेली की ती पुसली जाते. उठल्यावर ड्रायव्हरने ती पुन्हा भरायला हवी. परंतु ड्रायव्हरची स्वतःची आठवण रॅममध्ये शाबूत असते, आणि त्या आठवणीनुसार कार्ड तयारच असते! चांगला ड्रायव्हर उठल्याबरोबर कार्डाची विचारपूस करतो. निष्काळजीपणे लिहिलेला ड्रायव्हर कोऱ्या कार्डाला हुकूम सोडत बसतो आणि उत्तर न आल्याने हात टेकतो. जाळ्यांची यादी रिकामी दिसते ती बहुधा यामुळे. लिनक्स वापरणाऱ्यांना या शतकाच्या पहिल्या दशकात याचा फार त्रास झाला. कार्डे बनवणाऱ्या कित्येक कंपन्या माहिती देत नसत, आणि स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरांत उठण्याचा भाग अनेकदा अपुरा असे. लोकांनी साधा तोडगा काढला : झोपण्यापूर्वी ड्रायव्हर काढून टाकायचा आणि उठल्यावर पुन्हा घालायचा. आठवणच राहू द्यायची नाही, म्हणजे चुकीची आठवण उरत नाही.

त्यावर कार्ड आणि राऊटर यांचा करार. राऊटर आपल्याशी जोडलेल्यांची यादी ठेवतो आणि बराच वेळ हाक न देणाऱ्याचे नाव खोडतो. त्याच्यावर गुप्त किल्ल्यांचा करार. पासवर्ड एकच राहिला तरी २००४ मध्ये आलेल्या सुरक्षा पद्धतीत दोन्ही यंत्रे प्रत्येक जोडणीच्या वेळी चार निरोपांची देवाणघेवाण करून नवी किल्ली बनवतात. शिवाय सर्वांसाठी असलेली सामाईक किल्लीही ठरावीक काळाने बदलते. तासभर झोपून उठलेल्याच्या खिशात जुनी किल्ली असते. आणि सर्वांत वर पत्त्याचा करार. इंटरनेटवरचा पत्ता राऊटर कायमचा देत नाही, तो भाड्याने देतो. ही पद्धत १९९३ मध्ये प्रथम लिहिली गेली आणि १९९७ मध्ये सध्याच्या रूपात आली. तिच्यात मुदत सरली की पत्ता दुसऱ्याला देता येतो. जोडलेले दिसते पण इंटरनेट नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे खालचे करार झाले, पण पत्त्याचा राहिला.

वारणेकाठचा दाखला

हे सारे लॅपटॉपपुरतेच आहे असे कोणाला वाटेल. पण याच प्रश्नाचे एक रूप आपल्या भागात, वारणा खोऱ्यात, फार पूर्वी दिसले होते. वारणा नदी पुढे कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. तिच्या काठी तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात घेतली होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी खर्च वाटून घेतला. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे होती. गावात संगणक ठेवायचा, तो टेलिफोनच्या दुव्याने वारणानगरच्या यंत्रणेला जोडायचा, आणि शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताची उचल, बिलाची रक्कम हे सारे गावातच पाहता यावे, अशी योजना होती. हवामान, बाजारभाव, शिक्षण अशी आणखी पुष्कळ उद्दिष्टेही कागदावर होती.

त्या काळात ही मोठी धाडसी गोष्ट होती, आणि देशोदेशींच्या अभ्यासकांनी तिच्याविषयी लिहिले. पण टेबलावरच्या संगणकाला अखंड वीज लागते, दुवा लागतो आणि दोन्ही बिघडले की दुरुस्त करणारा लागतो. यांतले काहीच गावात खात्रीने मिळत नव्हते. उसाचा हिशेब सोडला तर बाकीची उद्दिष्टे मागे पडली.

बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी मग तेथे एक वेगळा प्रयोग केला. सात गावांतून त्यांनी संगणक बाजूला ठेवला आणि तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आणले. शेतकऱ्याने ठरावीक रूपात निरोप पाठवायचा. कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला एक फोन तो घेणार, संगणक माहिती शोधणार आणि उत्तर उलट टपाली जाणार. आठ महिने हे चालले. संगणकावर होत असलेले सर्व काम फोनवर झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. 'वारणा अनवायर्ड' या नावाने हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या गोष्टीवरून पुष्कळदा असा निष्कर्ष काढतात की खेड्यातला माणूस संगणकाला तयार नव्हता, फोन त्याला जमला. आम्हाला हे पटत नाही. शेतकरी तोच होता, हिशेबही तोच. बदलले होते ते यंत्र, आणि त्या यंत्राच्या झोपेची रीत.

मोबाइल फोन हा जन्मतःच रेडिओ आहे. त्याची झोप त्याने एकट्याने ठरवलेली नाही, मनोऱ्याशी बोलून ठरवलेली आहे. जीएसएम पद्धतीत स्वस्थ पडलेला फोन अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या ठरावीक अंतराने क्षणभर जागा होतो, आपल्यासाठी हाक आहे का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. हे अंतर मनोराच जाहीर करतो, त्यामुळे कोणी केव्हा कान उघडायचे यावर दोघांचे एकमत असते. मी अजून येथेच आहे, असे फोन ठरावीक काळाने कळवतोही. आणि फोन पूर्ण बंद असेल तर? निरोप मधल्या केंद्रात जपून ठेवला जातो आणि फोन सुरू झाल्यावर पोचवला जातो. १६० अक्षरांचा एसएमएस विजेच्या आणि दुव्याच्या खंडांना पुरून उरला तो या व्यवस्थेमुळे. वारणेच्या योजनेतला संगणक कारखान्याशी बोलायचे तर त्या क्षणी दोन्ही टोके आणि मधला दुवा जागा असण्यावर अवलंबून होता.

ही रीत लॅपटॉपमध्ये यायला आणखी काही वर्षे गेली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने फोनच्या धर्तीची झोप आणली, आणि २०१५ पासून ती 'मॉडर्न स्टँडबाय' या नावाने पसरली. तिच्यात संगणक खऱ्या अर्थाने एस-३ मध्ये जातच नाही. एस-० मध्येच राहून अगदी कमी विजेवर पडून राहतो, आणि दुवा राखू शकतो. गेल्या काही वर्षांतल्या अनेक लॅपटॉपांत जुनी एस-३ झोप उरलेलीच नाही. याची किंमतही आहे. झाकण मिटून पिशवीत टाकलेला लॅपटॉप घरी पोचेपर्यंत तापलेला आणि बॅटरी उतरलेली, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. शाळांमध्ये तर जुनी आणि नवी दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

वीज गेली, राऊटर विसरला

वर सांगितलेल्या करारांत लॅपटॉप विसरतो किंवा त्याची आठवण जुनी होते, असे आपण धरले. आपल्याकडे नेमका उलट प्रकारही घडतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसदिवस भारनियमन सोसले. तेवढे आता नाही, तरी पावसाळ्यात पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यात वीज जाणे नवलाचे नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, राऊटरला बहुधा नसते. झाकण मिटलेले असताना वीज जाऊन आली, की राऊटर कोरा होऊन सुरू होतो. त्याने दिलेल्या पत्त्यांची यादी पुसली गेलेली असू शकते, तो दुसऱ्या वाहिनीवर बोलू लागलेला असू शकतो. लॅपटॉपला मात्र सगळे आठवत असते.

फोनच्या हॉटस्पॉटवर शाळा चालवणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत कोणीही जोडलेले नसेल तर हॉटस्पॉट काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. लॅपटॉप झोपला की फोनच्या दृष्टीने सगळे निघून गेले, तोही दुकान बंद करतो. लॅपटॉप उठतो आणि शोधत बसतो. येथे लॅपटॉपच्या मांडण्या कितीही बदलल्या तरी उपयोग नाही. फोनमध्ये हॉटस्पॉट आपोआप बंद करण्याची सोय असेल तर ती काढायची.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : कोण विसरले? त्याच जाळ्यावर दुसरा एखादा फोन जोडून पाहावा. त्यालाही इंटरनेट मिळाले नाही तर लॅपटॉपला हात लावू नये. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. फोनला मिळाले तर दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे. तेथे वरच्या करारापासून खाली उतरत जावे. जोडलेले दिसते पण इंटरनेट नाही, अशा वेळी त्या जाळ्यापासून सुटून पुन्हा जोडल्यास बहुधा नवा पत्ता मिळतो. तेवढ्याने न भागले तर विंडोजला ते जाळे विसरायला सांगून पासवर्ड नव्याने द्यावा. जाळेच दिसत नसेल तर विमान-अवस्था म्हणजे एअरप्लेन मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करावी. याने रेडिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तरीही नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टर या यादीतले बिनतारी कार्ड डिसेबल करून पुन्हा एनेबल करावे. लिनक्सवाले लोक ड्रायव्हर काढून घालत, त्याचाच हा सोपा अवतार.

यानंतरचा उपाय सर्वांना माहीत आहे, पण तो बहुतेक जण चुकीचा करतात. लॅपटॉप बंद करून सुरू करतात. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणे नव्हे. लवकर सुरू व्हावे म्हणून कार्यप्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती हायबरनेटसारखी डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत भरली जाते. म्हणजे गोंधळलेला ड्रायव्हर गोंधळासकट परत येतो! 'रीस्टार्ट' मध्ये मात्र हे होत नाही, सगळे नव्याने सुरू होते. तेव्हा अशा वेळी रीस्टार्टच करावे. यादीतून कार्डच नाहीसे झाले असेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन करावे, चार्जर काढावा, आणि सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून ठेवावी. कार्डात रेंगाळणारी वीज त्यामुळे निघून जाते.

रोजच हा त्रास होत असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच नमुन्याचा ताजा ड्रायव्हर घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान असल्यास, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून पाहावी. बॅटरी थोडी लवकर संपेल. मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपांत हे पान अनेकदा नसतेच. ते दिसले नाही म्हणून आपण चुकीच्या जागी आलो असे समजू नये.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांकडून यावर एक छान प्रयोग करून घेता येईल. लॅपटॉप एक मिनिट झोपवावा, उठवावा, आणि इंटरनेट किती सेकंदांनी लागते ते नोंदवावे. मग पाच मिनिटे, पंधरा मिनिटे, तास आणि रात्रभर. प्रत्येक वेळ तीनदा घ्यावी, आणि मधल्या काळात वीज गेली असल्यास तशी खूण करावी. तोच प्रयोग शाळेच्या राऊटरवर आणि नंतर फोनच्या हॉटस्पॉटवर करावा. एका मिनिटाच्या झोपेनंतरही दुवा तुटत असेल तर मुदतीचा काही संबंध नाही, ड्रायव्हर संशयित. थोड्या वेळाला सुरळीत आणि जास्त वेळाला बिघाड, असे दिसले तर कोणाची तरी मुदत संपते आहे. ती किती मिनिटांची हे कोष्टकावरून काढता येईल. हॉटस्पॉटच्या रकान्यात दहा मिनिटांच्या आसपास एकदम फरक दिसण्याची शक्यता आहे. साधी झोप आणि हायबरनेट हे दोन वेगळे रकाने ठेवायला विसरू नये, कारण काही लॅपटॉप बराच वेळ झोपल्यावर न सांगता एकातून दुसऱ्यात जातात, आणि मग रात्रभराच्या नोंदीचा अर्थच लागत नाही.